दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पुस्तके मांडणाऱ्या प्रकाशक-विक्रेत्यांना खुले पत्र

सप्रेम जय भीम.

तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखत असाल. मी नागपुरात कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो, आता निवृत्त आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या दुपारी, रस्त्यात पाऊल ठेवायला जागा उरत नाही त्याच्या आधी, कापडी पिशवी घेऊन तुमच्या दुकानांवरून एक चक्कर मारायची, हा माझा विद्यार्थिदशेपासूनचा नेम. बी.ए.ला असताना स्वतःच्या पैशाने घेतलेले पहिले पुस्तक मी इथेच, जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवरून उचलले. पुढे वर्गात जे शिकवले त्यातले पुष्कळसे या ताडपत्रीवरून आलेले होते. म्हणून हे पत्र कुठल्या खात्याला किंवा मंडळाला न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

गेल्या वर्षी एका दुकानापाशी एक मायलेकी उभ्या होत्या. वाशिमकडच्या असाव्यात. मुलगी अकरावी-बारावीतली. आईने संविधानाची प्रत घेतली, ‘गुलामगिरी’ घेतली, पैसे मोजून दिले. मुलगी मात्र काहीतरी शोधत होती. तिने दुकानदाराला विचारले, “काका, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आमच्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात आहे. आन् बाबासाहेब तर म्हणतात, मी हे फ्रान्सकडून घेतलं नाही. मग त्या लोकांनी नेमकं लिहिलं काय होतं? ते मराठीत आहे का?” दुकानदार भला माणूस. त्याने समोरचे सगळे गठ्ठे चाळून पाहिले आणि म्हणाला, “नाही बेटा, ते नाही माझ्याकडं.” आई म्हणाली, “मंग पुढच्या सालाले ठेवजा.”

त्यानंतर मी आणखी दहा-बारा दुकानांत तोच प्रश्न विचारला. फ्रेंच राज्यक्रांतीतला १७८९चा मानवी हक्कांचा जाहीरनामा मराठीत, स्वतंत्र पुस्तिकेत, कुठेही मिळाला नाही. हे पत्र त्या दुपारपासून डोक्यात आहे.

मुलीचा प्रश्न अगदी बरोबर होता. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की, माझे तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत मांडता येईल, मात्र ते मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतले असे कुणी समजू नये. त्याची मुळे धर्मात आहेत आणि ते मी माझे गुरू बुद्ध यांच्याकडून घेतले आहे. हे वाक्य आपण फार अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण हे म्हणणारा माणूस फ्रेंच राज्यक्रांती आरपार वाचून बसला होता. डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या परिषदेत बोलताना त्यांनी श्रोत्यांपुढे तुलनेला ठेवली होती ती १७८९ची व्हर्सायची फ्रेंच राष्ट्रसभा. चवदार तळ्याच्या काठी जमलेल्या माणसांना ते सांगत होते की तुमची सभा त्या सभेच्या तोलाची आहे. ज्याने दोन्हीकडचे नीट वाचले आहे त्यालाच ‘मी त्यांच्याकडून घेतले नाही’ असे ठामपणे म्हणता येते. त्या मुलीला हीच मोकळीक हवी होती.

आता माझी एक कबुली. मी हा विषय अनेक वर्षे वाईट शिकवला. जॉन लॉक : नैसर्गिक हक्क. मॉन्टेस्क्यू : सत्ताविभाजन. रूसो : सामाजिक करार. जोड्या लावा, एका जोडीला एक गुण. त्याखाली ‘तत्त्वज्ञांच्या विचारांमुळे क्रांती झाली’ असे एक वाक्य, तेही पाठ करण्यासाठी. मुले पास व्हायची. हे विचार एका माणसाच्या डोक्यातून निघून लाखो माणसांच्या पायांत कसे शिरले, हे मी कधी सांगितले नाही, कारण मी स्वतःच त्याचा विचार केला नव्हता.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की ही माणसे लिहिताना भीत होती. लॉकने राज्यसंस्थेवरचे आपले पुस्तक १६८९मध्ये छापले ते नाव न घालता, आणि ते आपलेच असल्याचे मान्य केले थेट मृत्युपत्रात, १७०४मध्ये. भीती खोटी नव्हती. १६८३मध्ये इंग्लंडात अल्जरनन सिडनी नावाच्या माणसावर राजद्रोहाचा खटला चालला. कायद्याला दोन साक्षीदार लागत होते, सरकारकडे एकच होता. दुसरा साक्षीदार म्हणून सिडनीच्या घरात सापडलेले, अजून छापलेलेही नव्हते असे हस्तलिखित कोर्टात उभे करण्यात आले. लिहिणे म्हणजेच कृती करणे, असे न्यायाधीशाने ठरवले. सिडनीचे डोके उडवले गेले. मॉन्टेस्क्यूनेही १७४८मध्ये आपले पुस्तक निनावीच काढले. रूसोची दोन पुस्तके १७६२मध्ये बाहेर पडली आणि त्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या जिनिव्हा गावात जाळली गेली.

लॉकचे म्हणणे साधे होते. राजाला सत्ता देवाने दिलेली नाही. लोकांनी आपला जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता सांभाळण्यासाठी ती विश्वासाने त्याच्या हाती ठेवली आहे, विश्वास मोडला तर ती परत घेता येते. यावर लोक म्हणत, असे सांगितले तर रोजच बंड होईल. लॉकचे उत्तर मला फार खरे वाटते. लोक इतक्या सहज उठत नाहीत, चुका सोसतात, वाईट कायदेही सोसतात. पण अत्याचारांची लांबच लांब मालिका एकाच दिशेने जाताना दिसू लागली की मग मात्र ते बसून राहत नाहीत. इंग्रजी मजकुरातला हाच शब्दप्रयोग ४ जुलै १७७६च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात जसाच्या तसा येतो. मधे ८७ वर्षे आणि एक महासागर.

म्हणजे विचार पुस्तकातून थेट क्रांतीत गेला, असे म्हणून थांबता येईल. पण तसे थांबता येत नाही. डॅनियल मॉर्ने नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९१०मध्ये एक खटाटोप केला. अठराव्या शतकातल्या ५०० खासगी ग्रंथसंग्रहांच्या याद्या त्याने तपासल्या. रूसोच्या ‘सामाजिक करार’ची प्रत त्याला सापडली फक्त एक. ज्या पुस्तकाने क्रांती घडवली असे मी मुलांकडून पाठ करून घेत होतो, ते क्रांतीपूर्वी फारसे कुणाच्या कपाटात नव्हतेच. या मोजणीवर नंतरच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले, तरी प्रश्न राहतोच : मग लोकांपर्यंत पोचले काय, आणि कसे?

१७८९मध्ये फ्रान्सच्या राजाने सभा बोलावली तेव्हा गावोगावच्या लोकांनी आपल्या तक्रारी लिहून पाठवल्या. त्या तक्रारवह्यांत रूसो शोधून सापडत नाही. मिठावरचा कर सापडतो. जमीनदाराला शिकारीचा हक्क आहे म्हणून पिकात घुसणारी जनावरे मारता येत नाहीत, हे सापडते. आणि कबुतरे सापडतात! कबुतरखाना ठेवण्याचा मान जमीनदाराचा. त्याची कबुतरे येऊन पेरलेले दाणे टिपून जात आणि शेतकऱ्याने ती मारायची नाहीत. ऑगस्ट १७८९मध्ये राष्ट्रसभेने सरंजामी हक्क मोडीत काढले, त्या ठरावात या कबुतरांसाठी वेगळे कलम आहे. माझे वडील काटोल तालुक्यात शेती करत. रात्रीच्या रात्री रोही आणि रानडुकरे हाकलण्यात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. ते कलम पहिल्यांदा वाचले तेव्हा मला फ्रान्स आपल्या धुऱ्यापलीकडे असल्यासारखे वाटले.

तुम्ही नागपूरकर आहात, हिवाळी अधिवेशन दरवर्षी बघता. यशवंत स्टेडियममधून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवले जातात, तिथेच रस्त्यावर बसून माणसे दिवस काढतात आणि संध्याकाळी एक निवेदन देऊन परत जातात. अंगणवाडी सेविका, कंत्राटी कामगार, गोवारी, धानउत्पादक शेतकरी. निवेदनात मागणी असते : मानधन वाढवा, दाखला द्या, बोनस द्या. हे सगळे कबुतराचे दुःख आहे, आणि ते खरे आहे. मात्र ‘आमचे कबुतर हाकला’ आणि ‘कबुतर पाळण्याचा हक्क कुणाला आणि का असावा?’ या दोन मागण्यांत अंतर आहे. तत्त्वविचार काम करतो तो या अंतरात. तो दुःख निर्माण करत नाही, ते लोकांकडे आधीच असते. तो त्याला नाव देतो, आणि शेजारच्या गावातल्या दुःखाचे नावही तेच असल्याचे दाखवतो. विनंतीची मागणी होते ती तिथे.

हे अंतर पार करून देणारा माणूस माझ्या मते इंग्लंडचा थॉमस पेन. बाप बायकांच्या कंचुक्या शिवणारा, स्वतः पेनही तेच काम शिकलेला, नंतर जकातखात्यात नोकरी, तिथून हाकललेला. १७७४च्या अखेरीस तो अमेरिकेत उतरला आणि जानेवारी १७७६मध्ये त्याची ‘कॉमन सेन्स’ ही पातळशी पुस्तिका फिलाडेल्फियात निघाली, तीही निनावी. त्यात लॅटिन अवतरणे नव्हती, विद्वानांची नावे फेकलेली नव्हती. शेतकऱ्याला बायबल माहीत होते, म्हणून दाखले बायबलातले. राजा हवाच कशाला, असा सरळ प्रश्न त्याने सरळ भाषेत विचारला, आणि सहा महिन्यांत जाहीरनामा झाला. जाहीरनामा एकट्या त्याच्यामुळे झाला असे मी म्हणणार नाही. पण मोठ्या ग्रंथांतला विचार चावडीवर आणून ठेवण्याचे काम त्याने केले.

आता तुमच्या धंद्याशी अगदी जवळची गोष्ट सांगतो. पेनने नंतर मानवी हक्कांवर पुस्तक लिहिले, पहिला भाग १७९१चा, दुसरा १७९२चा. दुसऱ्या भागात राजेशाहीवर टीका तर होतीच, शिवाय म्हाताऱ्यांना सरकारने वार्षिक रक्कम द्यावी, गरिबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसे द्यावेत असे आकड्यांनिशी हिशेब होते. इंग्लंडच्या सरकारने डिसेंबर १७९२मध्ये त्याच्यावर खटला चालवला, तो फ्रान्सला निघून गेलेला असताना. सरकारी वकिलाने कोर्टात काय सांगितले ते बघा. पहिल्या भागावर मी खटला भरला नाही, कारण तो समजदार वाचकांच्याच हाती पडेल असे वाटले होते. दुसरा मात्र सर्व थरांतल्या लोकांच्या हाती कोंबला जातो आहे, मुलांचा खाऊसुद्धा त्याच्या पानांत बांधून दिला जातो आहे! विचार महाग कागदावर होता तोवर सरकारला त्याची फिकीर नव्हती. तो खाऊच्या पुडीत आला तेव्हा तो गुन्हा झाला.

त्या पुस्तकाची वाट इंग्लंडात संपली नाही. १८४७च्या सुमारास पुण्यात वीस वर्षांच्या जोतिराव फुल्यांनी ते वाचले. पुढच्याच वर्षी मुलींची शाळा निघाली. १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ आली, आणि ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. एका इंग्रज कंचुकीवाल्याच्या मुलाचे पुस्तक एका माळ्याच्या मुलाने वाचले आणि महाराष्ट्राचा इतिहास वळला. ते पुस्तक तेव्हा पुण्यात कुणी विकायला ठेवलेच नसते तर? मला तुमच्या ताडपत्रीकडे पाहताना हे नेहमी आठवते.

किमतीचीच आणखी एक गोष्ट. बाबासाहेबांचे जातिनिर्मूलनावरचे लाहोरचे भाषण (‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’) आयोजकांनी रद्द केले, तेव्हा १९३६मध्ये त्यांनी ते स्वखर्चाने छापले. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्या पुस्तकावर गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये टीका केली, पण त्याच लेखात असेही लिहिले की किंमत आठ आणे आहे, ती दोन आणे करावी, निदान चार आणे तरी. प्रत्येक सुधारकाने हे वाचले पाहिजे, असे ज्याच्यावर टीका करायची त्याच पुस्तकाबद्दल ते म्हणाले. त्या भाषणात बाबासाहेबांनी राजकीय क्रांतीच्या आधी नेहमी सामाजिक आणि धार्मिक क्रांती होत आली आहे, मन मोकळे झाल्याशिवाय राज्य मोकळे होत नाही, असे इतिहासातले दाखले देऊन सांगितले. लॉक-रूसोच्या युरोपी गोष्टीला हे त्यांचे स्वतःचे उत्तर आहे, आणि वीस वर्षांनी ते याच जागेवर, १४ ऑक्टोबर १९५६ला, प्रत्यक्षात आले.

आता ‘हक्क’ या शब्दाबद्दल थोडे सांगू द्या, कारण तुम्ही जी पुस्तिका छापाल असे मला वाटते तिच्या मुखपृष्ठावर हा शब्द असणार. हा शब्द आपल्याकडे नवा नाही. पेशवाईतले कागद उघडले की पानोपानी दिसतो : देशमुखाचे हक्क, पाटलाचे हक्क, बलुतेदारांचे हक्क. तिथे हक्क म्हणजे वतनाने आणि जातीने ठरलेला वाटा. सुगीत कुणी किती पेंढ्या न्यायच्या, पोळ्याला कुणाचा बैल आधी, होळीची पोळी कुणाची. महारांचे तर बावन्न हक्क सांगितले जात. त्यात काय होते? गावात मेलेल्या ढोराचे कातडे होते. दारोदार भाकर मागणे होते. त्यालाही हक्कच म्हणत, आणि लोक तो प्राणपणाने जपत, कारण दुसरे काहीच नव्हते. त्या जगात जातीला हक्क होते, घराण्याला होते, वतनाला होते. नुसत्या माणसाला एकही नव्हता.

बाबासाहेबांनी १९२८मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा ते या बावन्न हक्कांवरच घाव घालत होते. तुमचे हक्क हीच तुमची बेडी आहे, हे स्वतःच्या माणसांना पटवणे किती कठीण गेले असेल! आणि मग २६ जानेवारी १९५०ला जी घटना अमलात आली तिच्या तिसऱ्या भागाचे मराठी नाव काय? मूलभूत हक्क. चौदाव्या कलमात कायद्यापुढे समानता, सतराव्यात अस्पृश्यता नष्ट, बत्तिसाव्यात हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट. ढोराच्या कातड्यापासून बत्तिसाव्या कलमापर्यंत एकाच शब्दाने केलेला हा प्रवास आहे. फ्रेंचांना, अमेरिकनांना त्यांच्या भाषेत असा प्रवास सांगता येईल की नाही, मला माहीत नाही. आपल्याला येतो. म्हणूनच हे जाहीरनामे मराठीत आले की आपला वाचक ते परक्यासारखे वाचणार नाही. हक्क शब्दाची चव त्याच्या आजोबांना ठाऊक होती.

तुमच्यातला कुणी म्हणेल, सर, आमच्याकडे फुले आहेत, बाबासाहेबांचे सरकारी खंड आहेत, लोक तेच मागतात. गोऱ्यांचे कागद कशाला? शिवाय त्यांच्या ‘सर्व माणसां’त आपण होतो कुठे?

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि पुस्तिकेत तो पहिल्या पानावर यावा असेच माझे म्हणणे आहे. अमेरिकन जाहीरनाम्यात सर्व माणसे समान जन्मली आहेत असे लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत गुंतलेले होते. १७८९च्या फ्रेंच जाहीरनाम्याच्या १७ कलमांत स्त्री कुठेच नाही. हे झाकायचे नाही. पण पुढे काय झाले तेही छापू या. त्या जाहीरनाम्याला दोन वर्षे झाली तोच ओलिंप द गूज या बाईने त्याच चालीवर स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला : बाईला फासाच्या चौथऱ्यावर चढण्याचा हक्क असेल, तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे. ३ नोव्हेंबर १७९३ला तिला गिलोटिनखाली नेले. फ्रान्समध्ये बायकांना मत मिळायला १९४४ उजाडले.

आणि हैती. फ्रान्सच्या त्या वसाहतीत उसाच्या मळ्यांत सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. मालकांच्या जेवणाच्या टेबलांभोवती हक्कांची चर्चा चालायची आणि वाढणारे ऐकत होते. ऑगस्ट १७९१मध्ये ते उठले. फ्रान्सने १७९४मध्ये गुलामगिरी रद्द केली, नेपोलियनने १८०२मध्ये ती परत आणली, गुलामांचा नेता तुसाँ लूव्हेर्त्यूर याला धरून फ्रान्समधल्या थंड किल्ल्यात मरू दिले. तरी १ जानेवारी १८०४ला हैती स्वतंत्र झाला. ‘सर्व माणसे’ या शब्दांचा अर्थ लिहिणाऱ्यांनी ठरवला नाही, ज्यांना वगळले होते त्यांनी ठरवला. त्याची किंमतही त्यांनी मोजली : १८२५मध्ये फ्रान्सने आपल्या मालकांच्या बुडालेल्या मिळकतीपोटी त्या छोट्या देशाकडून १५ कोटी फ्रँक मागितले.

जोतिरावांनी हा दोष फार लवकर ओळखला होता. ‘सार्वजनिक सत्यधर्म’ वाचताना ‘एकंदर सर्व स्त्री-पुरुष’ हे शब्द पुनःपुन्हा येतात, स्त्री आधी. पेनचा हा शिष्य गुरूच्या पुढे गेला तो या एका शब्दाने. आणि नागपूरचे विसरू नका. याच शहरात २० जुलै १९४२ला दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, आणि समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो असे बाबासाहेब तिथेच म्हणाले. ओलिंप द गूजची पुस्तिका ज्या पानावर संपेल, त्याच्या पुढच्या पानावर ही परिषद यायला हवी. त्याआधी मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे नागपुरात स्वतःचा छापखाना चालवत होते, ‘मजूर पत्रिका’ आणि ‘चोखामेळा’ काढत होते, १९०७मध्ये त्यांनी इथे मुलींची शाळा सुरू केली. तुम्ही ज्या धंद्यात आहात त्याचे या शहरातले पूर्वज ते आहेत.

दुसरी शंका रक्तपाताची. क्रांतीचे कागद स्वस्तात वाटले तर पोरे भडकतील, असे मला एका परिचिताने सांगितले. मी त्याला पेनचेच उदाहरण दिले. फ्रान्सच्या सभेत निवडून गेलेल्या पेनने राजाला मारू नका, हद्दपार करा, असे मत दिले. वर्षभरात, डिसेंबर १७९३मध्ये, क्रांतिकारकांनी त्यालाच तुरुंगात टाकले आणि दहा महिन्यांहून अधिक ठेवले. हे झाकून क्रांती शिकवली तर ती अर्धीच शिकवली. उरलेला धडा २५ नोव्हेंबर १९४९च्या बाबासाहेबांच्या भाषणात आहे. घटनात्मक मार्ग खुला असताना रक्तरंजित मार्ग सोडून द्यावे लागतील, इतकेच काय सत्याग्रहही, असे ते म्हणाले. आणि त्याच भाषणात पुढे इशारा दिला की २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या जीवनात शिरत आहोत, राजकारणात एक माणूस एक मत आणि समाजात विषमता, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर जे तिची झळ सोसतात ते हा लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. अर्धे भाषण सरकारच्या सोयीचे, अर्धे लोकांच्या सोयीचे. दोन्ही बाजू आपापले अर्धे वाचून दाखवतात. अखंड भाषण दहा-पंधरा रुपयांत हातात ठेवा.

आता मागणी स्पष्ट सांगतो. चार पातळ पुस्तिका, प्रत्येकी ३२ पाने, ठसठशीत अक्षर, कारण घेणाऱ्यांतले बरेच जण चष्म्याशिवाय वाचणारे म्हातारे असतात. एकीत लॉकचे राज्यसंस्था मोडण्याविषयीचे प्रकरण आणि त्याला लागून अमेरिकन जाहीरनामा, म्हणजे ती सारखी ओळ वाचकाला स्वतः सापडेल. दुसरीत फ्रेंच जाहीरनाम्याची १७ कलमे, ओलिंपची कलमे, आणि १९४२ची नागपूर परिषद. तिसरी हैतीची, १८०५च्या तिथल्या घटनेतल्या निवडक कलमांसह. चौथी २५ नोव्हेंबरचे भाषण. किंमत चहा-नाश्त्याच्या वर जाऊ नये. मूळ मजकूर सगळे जुने आहेत, पहिल्या तीन पुस्तिकांना परवानगीची अडचण नाही; भाषणाचे मराठी भाषांतर घेताना मात्र ज्याचे त्याला विचारून घ्या.

पहिल्या दोन पुस्तिकांचे भाषांतर मी करून ठेवले आहे. ते इंग्रजीवरून केलेले आहे, फ्रेंच मला येत नाही, त्यामुळे फ्रेंच जाणणाऱ्या कुणीतरी ते ताडून पाहावे लागेल आणि अशी व्यक्ती शोधण्याचे काम मी सुरू केले आहे. ‘रेझिस्टन्स टु ऑप्रेशन’ला ‘जुलमाचा प्रतिकार’ म्हणावे की ‘दडपशाहीचा’, यावर माझा स्वतःशीच वाद चालू आहे. तुमचे वाचक कोणता शब्द बोलतात ते तुम्हाला जास्त ठाऊक, तुम्हीच सांगा. माझे नाव पुस्तिकेवर नको, मोबदला नको. मुद्रिते मी तपासून देईन. पहिल्या छपाईच्या कागदासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून काही रक्कम बाजूला काढली आहे, ती जो छापेल त्याला देईन, एकाहून अधिक जण पुढे आले तर वाटून देईन.

अशोक विजयादशमीला अजून वेळ आहे, पण छापखान्यांत दिवाळी अंकांची गर्दी सुरू झाली की कुणाला हात रिकामा नसतो, हे तुम्ही जाणता. म्हणून पावसाळा संपायच्या आत मजकूर छपाईला गेला पाहिजे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा मी दीक्षाभूमीच्या आवारात, स्तूपासमोरच्या झाडाखाली बसतो. भाषांतराच्या प्रती पिशवीत असतात. या, वाचून बघा, चुका काढा, आणि ज्याला जमेल त्याने एक तरी पुस्तिका यंदा ताडपत्रीवर ठेवा. वाशिमकडच्या त्या बाईंनी सांगून ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
नागपूर